वॉशिंग मशीनमधले वाटाणे

रविवार, ४ तारीख

तिकीट काढलं. बुधवारची सकाळची बस, खिडकीची जागा. धाकट्या बहिणीकडे निघालो आहे. घरात "थोडे दिवस जाऊन येतो" असं सांगितलंय, पण परत यायचा विचार नाही. निदान या वहीशी तरी खरं बोलावं.

कारण ऐकायला किरकोळ आहे. मागच्या महिन्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. मी माझा पाना शोधत होतो तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "राहू द्या बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता? मी माणूस बोलावते." चाळीस वर्षं या गावातले नळ मी बसवले. कुठल्या भिंतीतून कुठला पाइप गेलाय ते डोळे मिटून सांगेन. आणि माझ्या डोळ्यांदेखत नुकतं मिसरूड फुटलेला एक माणूस आला, वॉशर उलटा बसवला आणि चहा पिऊन गेला. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. नंतर हळूच उठून वॉशर सुलटा केला.

सूनबाई वाईट नाही. ती बालवाडीत शिकवते. दिवसभर चार वर्षांच्या चाळीस पोरांशी बोलून तिची जीभ तशीच वळली आहे. माझ्याशीही सावकाश, शब्द सुटे करून बोलते. "बाबा, औषध कधी घ्यायचं? जेवणा..." एवढं म्हणून थांबते, म्हणजे "नंतर" हे मी म्हणायचं. चिरंजीव खालच्या गावात छापखान्यात रात्रपाळीला असतात. सकाळी येतात आणि झोपतात. नात सात वर्षांची, तिला आम्ही भिंगरी म्हणतो. ती एका जागी ठरत नाही, म्हणून मीच ठेवलेलं नाव. भिंगरीची आजी गेल्यावर मी या घरात राहायला आलो, त्याला सव्वा वर्ष झालं. एवढ्या दिवसांत माझ्या हाताला काम म्हणून नाही.

जा, असं कोणी म्हटलं नाही. पण जातो म्हटल्यावर जाऊ नका, असंही कोणी म्हटलं नाही. सूनबाई "बरं" म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

मंगळवार, ६ तारीख

पहाटे मोठा आवाज झाला. वरच्या वळणावर डोंगराचा एक तुकडा येऊन रस्त्यावर बसला. कोणाला खरचटलंही नाही, ही देवाची कृपा. पण गावात यायचा एकुलता एक रस्ता गेला, विजेचे खांब गेले आणि तलावाकडून येणारी पाण्याची मोठी लाइन मधोमध तुटली. चिरंजीव तिकडे खालीच अडकले. फोन बंद पडायच्या आधी त्यांचा एक निरोप आला, की सुखरूप आहे, काळजी करू नका. तेवढा घोर मिटला.

आता लिहू नये ते लिहितो. हादऱ्यानं पाइपांतला गंज सुटला आणि नळांना लाल पाणी यायला लागलं. लाल पाणी दिसलं की सगळे नळ सोडायचे, स्वच्छ येईपर्यंत लाइन धुऊन काढायची, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पाऊल. मोठी लाइन तुटलीय हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं? मी घरातले सातही नळ उघडले आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. पाणी आरशासारखं स्वच्छ झालं तेव्हा गच्चीवरच्या टाकीत जेमतेम वीतभर उरलं होतं.

चाळीस वर्षं हातांना जी सवय होती ती हातांनी केली. यात माझी चूक नाही, असं मी सकाळपासून स्वतःला चार वेळा सांगितलं आहे.

बुधवार, ७ तारीख

बस अर्थातच नाही. सकाळी नगरपालिकेची गाडी कर्णा लावून फिरली. रस्ता मोकळा व्हायला आठ ते दहा दिवस लागतील, घरात आहे ते पुरवून वापरा. दुकानं तर कालच झाडून-पुसून रिकामी झाली.

सूनबाई बालवाडीतल्या पोरांची घरं धुंडाळत गेली होती, सगळी आपापल्या आईबापांजवळ आहेत की नाही ते बघायला. घर माझ्या ताब्यात होतं. तळमजल्यावर शिंपी राहतो. तो, बायको आणि दोन कच्चीबच्ची. रोजचं रोज आणणारी माणसं, घरात साठा नाही. तो जिन्यात डोक्याला हात लावून बसलेला दिसला. मला राहवलं नाही. मी डब्यातले निम्मे तांदूळ त्याला दिले, दुधाची पावडर दिली, साखर दिली. फ्रिजमधलं खराब होणार म्हणून सगळ्या भाज्या शिजवल्या, आणि हात लागलाच आहे तर घरातले बटाटेही शिजवले. दोन्ही घरं पोटभर जेवली. मी तर आज जाणारच होतो, तेव्हा माझ्या वाटचं दिलं असं समजा, असं मी सूनबाईला ती आल्यावर सांगितलं.

तिनं एकेका डब्याचं झाकण उघडून बघितलं. "तुमच्या वाटचं म्हणजे किती, बाबा?" एवढंच विचारलं. मग "बरं" म्हणाली. हिच्या "बरं"चे प्रकार आहेत, ते मला आता ओळखू येतात. आजचा मोठा होता.

गुरुवार, ८ तारीख

आज उजाडल्यावर अंघोळीऐवजी विचार केला. टाकीतलं वीतभर पाणी संपत आलंय. पण घरातलं पाणी संपत नसतं, ते दडून बसलेलं असतं, हे मला कळायला हवं होतं. मी पाना घेतला आणि कामाला लागलो.

आधी गीझर. वरचा कॉक बंद करून खालचा ड्रेन सोडला तर पंचवीस लिटर आलं. सूनबाई बादली धरून उभी होती. "यात एवढं असतं?" तिनं विचारलं. चक्क विचारलं, आणि मी सांगायची वाट बघितली. मग पाइप. सगळ्यात उंचावरचा नळ उघडा ठेवायचा म्हणजे आत हवा शिरते, आणि सगळ्यात खालच्या नळाखाली भांडं धरायचं. भिंतींतून चौदा लिटर निघालं. भिंगरी भिंतीला कान लावून ऐकत होती. संडासाच्या टाकीतलं धुण्या-पुसण्याला ठेवलं. बर्फाचे ट्रे वितळले होते, ते चहाला झाले. गॅसचं सिलिंडर नशिबानं भरलेलं आहे, त्यामुळे पिण्याचं सगळं गाळून उकळून घेतो.

निम्मं पाणी शिंप्याला देऊ का, म्हणून या वेळी आधी विचारलं. सूनबाई म्हणाली, "द्या की. विचारलंत ते छान केलंत." बालवाडीतला सूर होता, पण मला राग आला नाही.

शुक्रवार, ९ तारीख

आज सकाळी सूनबाईनं मला फडताळ उघडून दाखवलं. थोडे तांदूळ, मूठभर डाळ, मीठ, चहा. "एवढंच आहे," ती म्हणाली. पाणी मी सोडलं आणि धान्यही मीच वाटलं. भिंगरी परवापासून गप्प आहे. कोपऱ्यात बसून बापाचा निरोप आलेल्या बंद फोनकडे बघत असते. तिला आता अर्धं पोट जेवायला मिळणार, तेही आजोबांच्या दानशूरपणामुळे.

दुपारी सुचलं की वॉशिंग मशीनच्या नळीत आणि पंपात दोन-तीन लिटर तरी पाणी राहतं. मशीन पुढे ओढलं, नळी सोडवली, आणि वाकलोच आहे तर ड्रममध्ये हात घातला. आत कापडी पिशवी. पिशवीत सुके वाटाणे, दोन किलोच्या वर. मी असा ओरडलो की खालून शिंपी धावत आला. कोणी पडलं असं त्याला वाटलं. मी पिशवी डोक्यावर धरून घरभर नाचलो, गुडघे विसरून. भिंगरी हसायला लागली ती थांबेचना.

सूनबाई दारात उभी होती. पिशवीकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग भिंगरीकडे. शेवटी म्हणाली, "अगं बाई, हे इथे कसं आलं?"

बिचारी. शाळा, घर, रात्रपाळीचा नवरा. कपड्यांबरोबर वाटाणेही मशीनमध्ये टाकले असणार. मी विषय वाढवला नाही. निम्मे वाटाणे शिंप्याकडे गेले, आणि या वेळी "बरं" न म्हणता तिनं स्वतः मोजून दिले.

शनिवार, १० तारीख

चिरंजीवांच्या हेल्मेटमध्ये शेंगदाणे. दोन पुड्या. हेल्मेटवर धूळ फार बसलीय असं सूनबाई सकाळी म्हणाली म्हणून पुसायला घेतलं होतं.

भिंगरीनं माझ्या शर्टाला सोनेरी कागदाची चांदणी चिकटवली. बालवाडीत शाबासकी म्हणून देतात ती. मी काढली नाही.

रविवार, ११ तारीख

आजचा दिवस सविस्तर लिहिण्यासारखा आहे.

गीझरचं पाणी काल संध्याकाळी संपलं. पाइप कोरडे. सकाळी एक तांब्या उरला होता आणि आम्ही सात माणसं. शिंप्याचं धाकटं पोर रडत होतं. सूनबाई खिडकीत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मी कधी भीती बघितली नव्हती, ती आज बघितली. मला म्हणाली, "बाबा, आता?" पुढचा शब्द माझ्यासाठी सोडलेला नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.

मी अंथरुणावर बसून डोळे मिटले आणि खालपासून वरपर्यंत या इमारतीतला एकेक पाइप मनात चालत गेलो. तळमजला, आमचा मजला, वर फोटोग्राफरचं बंद घर, तिथून गच्ची. गच्चीवर एका पाइपाशी अडखळलो. तो कुठेच जात नव्हता. दोन वर्षांपूर्वी पाणी तापवायची उन्हावरची टाकी गळते म्हणून फोटोग्राफरनं तिचा जोड तोडला होता. जोड तोडला, टाकी कोणी काढली? ती तिथेच आहे, पत्र्याच्या मागे, वरून जुन्या सतरंज्या टाकलेली.

शिंपी आणि मी वर गेलो. टाकी वाजवून बघितली. वरून पोकळ आवाज, खालून भरीव. शिंप्यानं गळ्यातली टेप काढून भरीव भागाचं माप घेतलं आणि म्हणाला, "काका, उंची सोळा, घेर चांगला आहे. शर्ट होईल." मी म्हटलं शर्ट नको, बादल्या आण. शिवाय खालच्या काचेच्या नळ्या, एकेक दोन-अडीच लिटरची. एकूण वीस नळ्या. माझा आकडा दीडशे लिटरच्या घरात जात होता, पण वॉल्व्ह गंजून बसला होता. पाना लावला तर हलेना. जोर केला तर तुटणार, आणि तुटला तर सगळं पाणी गच्चीवरून वाहून जाणार. मंगळवारसारखं पुन्हा एकदा माझ्या हातून.

मी पाना खाली ठेवला.

सूनबाई वर आली होती. तिनं पाना उचलला आणि माझ्यापुढे धरला. "कुठे धरायचा ते सांगा. जोर मी लावते, अंदाज तुमचा." मग तसंच केलं. मी वॉल्व्हवर तळहात ठेवला. आत काय चाललंय ते हाताला कळतं, ते शिकवता येत नाही. "थोडा. थांब. परत. आता थोडा उलटा. आता परत." ती एखाद्या विद्यार्थिनीसारखी ऐकत होती. अकराव्या की बाराव्या खेपेला वॉल्व्ह कण्हला आणि फिरला. पाणी आलं. आधी चहाच्या रंगाचं, मग फिकट, मग स्वच्छ. यातला एक थेंबही लाइन धुण्यात गेला नाही, सगळं वेगवेगळ्या बादल्यांत धरलं.

एकशे बासष्ट लिटर. गाळून, उकळून सगळे प्यालो. चवीला जरा लोखंडी आहे. शिंप्याच्या बायकोनं मला वाकून नमस्कार केला आणि मी उगाच वॉल्व्ह पुसत बसलो.

खाली उतरताना सूनबाई म्हणाली, "एवढं सगळं तुमच्या लक्षात कसं राहतं, बाबा?" मी म्हटलं, घर आतून बघायची सवय. ती म्हणाली, "मला कधी सांगितलं नाहीत." कधी विचारलं नाहीस, असं तोंडाशी आलं होतं, पण आज दिवस चांगला होता.

मंगळवार, १३ तारीख

काल मिटलेल्या छत्रीत खजूर सापडले. आज बाकाखालच्या रंगाच्या रिकाम्या डब्यात रवा. वाटाण्यांनंतर प्रत्येक वेळी दोन पुड्या सारख्या वजनाच्या असतात, ही एक गंमतच आहे. एक आम्हाला, एक शिंप्याला, वाटायचे कष्ट नाहीत.

सूनबाईबद्दल मात्र मला आता काळजी वाटायला लागली आहे. ही मुलगी वस्तू कुठेही ठेवते आणि साफ विसरते. वर तिला आता धुळीचं वेड लागलंय. "बाबा, छत्रीपाशी धूळ झालीय." "बाबा, बाकाखाली कधी झाडलंच नाही." मी झाडायला जातो आणि नेमकं काहीतरी मिळतं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही हे खरं, पण मी गेल्यावर हिचं कसं होणार? उपाशी राहायची घरातल्या घरात. बहिणीकडे जाण्याआधी सगळ्या जागांची एक यादी करून फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटवावी म्हणतो.

शर्टावर आता पाच चांदण्या आहेत. शिंपी मला साहेब म्हणतो. मी मनाई केलेली नाही.

बुधवार, १४ तारीख

लिहायची इच्छा नाही.

कर्ण्यावरून सांगून गेले, की रस्ता शुक्रवारी सकाळी उघडतोय, एका वेळी एक गाडी. पहिली बस दहा वाजता.

आनंदाची बातमी, म्हणून मी भिंगरीला उचलून घेतलं. ती कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, आज पावसाळी बूट बघा ना. तुम्ही केव्हाचे कपाटच बघताय. आईनं सकाळी बुटात ठेवलंय."

मी तिला खाली ठेवलं. बूट बघितले. डाव्या बुटात बिस्किटांचे दोन पुडे.

म्हणजे हेल्मेट, छत्री, रंगाचा डबा. सगळंच. धुळीचं वेडही. मी घरभर नाचलो, चांदण्या लावून फिरलो, शिंप्यासमोर छाती काढून सांगितलं की नजर असावी लागते, नजर. आणि ती चार वर्षांच्या पोराला खेळवावं तसं मला खेळवत होती. बुटातली बिस्किटं बुटात ठेवली. चांदण्या काढल्या. एक निघाली नाही, शर्टाचं सूत घेऊन आली.

शुक्रवारच्या बसनं जातो.

गुरुवार, १५ तारीख

सकाळी सूनबाई म्हणाली, "बाबा, बुटांपाशी..." मी म्हटलं, "धूळ नाहीये. बिस्किटं आहेत. कळलंय मला."

ती ताटाजवळच बसली. भिंगरीला खाली शिंप्याच्या मुलांकडे पाठवलं. मग बोलली, आणि सावकाश, सुटं सुटं नाही, भराभरा बोलली. जसं आठवतं तसं लिहितो.

"पहिल्या दिवशी मी रागानं लपवलं. खरं सांगते. तुम्ही एका दुपारी चार दिवसांचं वाटून टाकलंत. वाटलं, अजून दहा दिवस आहेत, भिंगरीला काय घालू? म्हणून उरलेलं उचललं आणि तुम्हाला दिसणार नाही तिथे ठेवलं. फडताळ दाखवून एवढंच आहे म्हणाले, ते खोटं होतं. मशीनमध्ये कोण बघणार होतं, वीजच नाही. तुम्ही पाण्यासाठी तिथेही पोचलात."

"म्हणजे वाटाणे मी खरे शोधले?"

"वाटाणे खरे. मला तर घाम फुटला होता. वाटलं, आता हे मला काय म्हणतील. आणि तुम्ही नाचायला लागलात. भिंगरी तीन दिवसांनी हसली. तुम्ही पण हसलात, बाबा. सव्वा वर्षात मी तुम्हाला हसताना बघितलं नव्हतं. मग म्हटलं, रोज एक ठेवू. बेतानं पुरेलही, आणि..." इथे ती थांबली, पण मी काही म्हणावं म्हणून नाही.

मी म्हटलं, "मी चार वर्षांचा नाहीये."

"नाहीच. चार वर्षांची मुलं एवढी रुसत नाहीत."

मला हसू येत होतं, ते मी आत ढकललं. आता बोललोच आहे तर सगळं बोलून टाकावं म्हणून नळाचं काढलं. चाळीस वर्षं प्लंबर असलेल्या माणसाच्या घरात तू माणूस बोलावलास, म्हटलं. ती म्हणाली की त्याच्या आदल्या आठवड्यात मी मोरीत खाली बसलो होतो तर उठायला मला दहा मिनिटं लागली होती. दाराबाहेर उभी राहून ती ऐकत होती, आत यावं तर मला लाज वाटेल म्हणून आली नाही. "तुम्हाला पुन्हा खाली बसायला लागू नये एवढंच डोक्यात होतं. तुम्हाला असं वाटेल हे सुचलंच नाही. चुकलंच माझं." महिनाभर मी जे उराशी धरून बसलो होतो ते हे.

"पण रविवारी गच्चीवर तुम्ही नसतात तर काय झालं असतं, सांगा ना," ती म्हणाली. "ते काय मी लपवलं होतं? मला बादली धरता येते, बाकी काही येत नाही. पाणी होतं म्हणून बाकीचे खेळ सुचले."

मी म्हटलं, ते असो, पण तिकीट काढलेलं आहे, बहीण वाट बघत असेल. हे मी का म्हटलं, मला माहीत नाही. अढी सुटली तरी माणूस थोडा वेळ तसाच बसून राहतो.

ती उठली, ताट उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "एक डबा अजून तुम्हाला सापडलेला नाही. तो मिळाल्याशिवाय जाऊ नका."

"कसला डबा?"

"सापडल्यावर कळेल."

जाऊ नका, असं म्हणाली. शब्द तेच होते. मी नीट ऐकलं.

शुक्रवार, १६ तारीख

सकाळी नऊला चिरंजीव चालत आले. दाढी वाढलेली, दोन्ही हातांत पिशव्या. भिंगरी त्यांच्या गळ्यात पडली ती सुटेना. सूनबाई एकदाच डोळ्यांना पदर लावून आत गेली आणि चहा टाकला, सकाळी आलेल्या टँकरच्या नव्या पाण्याचा. त्यांनी पिशव्या ठेवल्या आणि मला विचारलं, "बाबा, तुमची बस दहाची ना? सोडायला येऊ का?"

मी माळ्यावर होतो. म्हणजे शिडीवर होतो आणि डोकं माळ्यावर होतं. "मला वेळ नाही," मी सांगितलं. "बहिणीला कळव, पुढे कधीतरी येईन." खाली सूनबाईनं कपबशी ठेवली, ती जरा जोरातच वाजली.

माळा झाला, पलंगाखालचं झालं, दोन्ही कपाटं झाली. गव्हाच्या रिकाम्या पिंपाच्या तळाशी हात घातला. डबा नाही.

दुपारी भिंगरी शिडीशी येऊन उभी राहिली. आजूबाजूला बघून घेतलं आणि अगदी हळू म्हणाली, "आजोबा, डबा नाहीच आहे. काल खालून वर आल्यापासून मी सारखी आईबरोबर आहे. तिनं कुठेच काही ठेवलेलं नाही."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "तिला सांगू नकोस."

उद्या गच्चीपासून सुरुवात करतो.